जुना फोन रविवारी कुणालाही देऊ नका

पत्र: मुलाने हौसेने मला नवा फोन घेऊन दिला आणि रात्री उशिरा बसून चालूही करून दिला. व्हॉट्सॲप सुरू करताना जुनी चॅट परत आणायची का, असं त्यात विचारलं होतं. ‘नंतर बघू’ म्हणून त्याने ‘वगळा’ दाबलं. सकाळी बघते तर सगळं कोरं! माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेल्या वर्षी गेली. तिचं-माझं नऊ वर्षांचं बोलणं त्यात होतं, तिच्या आवाजातले निरोप होते. आता तीन दिवस झाले. मुलगा म्हणतो, ‘गेलं ते गेलं, आता कुठून आणणार?’ जुना फोन कपाटात पडून आहे. दोन्ही फोन अँड्रॉइडच आहेत. येत्या रविवारी जुना फोन साफ करून भाचीला द्यायचं ठरलंय. मी मुलाशी धड बोलत नाहीये. काही करता येईल का?
— एक वाचक

उत्तर:

नमस्कार,

करता येईल. जुना फोन अजून तुमच्या घरात आहे आणि त्यावर कुणी रीसेट दाबलेलं नाही, एवढ्यावरून मला वाटतं की अक्कांचं बोलणं बहुधा सगळंच्या सगळं परत मिळेल. फक्त रविवारचा बेत आजच रद्द करा. भाचीला सांगा, फोन मिळेल, पण महिनाभर थांब.

आता हे पत्र वाचता वाचताच नव्या फोनवर एक काम करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथून ‘चॅट्स’, तिथून ‘चॅट बॅकअप’. गूगल खात्यावर आपोआप बॅकअप, म्हणजे चॅटची राखीव प्रत, घेण्याचा पर्याय सुरू असेल तर तो बंद करा. गूगल ड्राइव्हवर, म्हणजे त्या खात्याच्या ऑनलाइन साठवणीत, तुमच्या नंबरचा एकच बॅकअप राहतो. नवा घेतला की जुन्याच्या जागी तो बसतो. तुमचा नवा फोन आत्ता जवळजवळ रिकामा आहे. त्याने रात्री शहाण्यासारखा बॅकअप घेतला, तर नऊ वर्षांच्या जागी तीन दिवसांचं बोलणं जाऊन बसेल. कदाचित तसं झालंही असेल. त्याच पानावर शेवटचा बॅकअप कधीचा आणि केवढा, ते लिहिलेलं असतं. तारीख नवा फोन येण्याआधीची आणि आकार चांगला मोठा असेल तर ड्राइव्हवरची प्रत शाबूत आहे. तारीख कालची आणि आकार जेमतेम काही एमबी असेल तर ती पुसली गेली. तसं दिसलं तरी घाबरू नका. तुमची खरी प्रत ड्राइव्हवर नाहीच, ती कपाटात आहे.

असं का म्हणते ते सांगते, कारण तुमच्या मुलाचा ‘गेलं ते गेलं’ हा समज इथेच चुकतो. बहुतेकांना वाटतं, आपले मेसेज कंपनीच्या संगणकावर कुठेतरी साठवलेले असतात आणि नव्या फोनवर लॉगिन केलं की ते आपोआप दिसायला हवेत. ईमेलचं तसं असतं, टेलिग्रामच्या साध्या चॅटचंही तसंच असतं. व्हॉट्सॲप मात्र पोस्टमनसारखं वागतं: पत्र पोचवलं की त्याची प्रत स्वतःकडे ठेवत नाही. मेसेज पोचला नाही तर जास्तीत जास्त ३० दिवस तो सर्व्हरवर थांबतो, पोचला की तिथून जातो. त्यामुळे अक्कांनी पाठवलेलं प्रत्येक वाक्य तुमच्या जुन्या फोनच्या पोटात आहे, आणि मुलाने नव्या फोनवर जे दाबलं त्याने त्या पोटातलं काहीही पुसलं गेलेलं नाही. झालं एवढंच, की तुमचा नंबर नव्या फोनवर नोंदला गेला आणि जुन्या फोनवरचं ॲप बंद पडलं.

जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडलंत तर ‘हा नंबर या फोनवर नोंदलेला नाही’ अशा अर्थाचं काहीतरी दिसेल. ते पाहून पुष्कळ लोक गोंधळतात, ॲप काढून टाकतात आणि पुन्हा घालून बघतात. तुम्ही हे अजिबात करू नका. जुन्या फोनवरचं ॲप काढायचं नाही, त्याचा डेटा ‘क्लिअर’ करायचा नाही, जागा मोकळी करून देणारं कुठलंही साफसफाईचं ॲप त्यावर चालवायचं नाही. बाकीच्या सगळ्या चुका निस्तरता येतात, पण इथे झालेली चूक निस्तरणं फार अवघड असतं.

पुढे जाण्याआधी एक खबरदारी घ्या. मी तुमच्या जागी असते तर बाकी काही करण्याआधी हेच केलं असतं. जुना फोन केबलने संगणकाला जोडा आणि त्यातला व्हॉट्सॲपचा फोल्डर जसाच्या तसा संगणकावर उतरवून घ्या. फोनच्या साठवणीत ‘अँड्रॉइड’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘मीडिया’, आणि त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर. बरीच वर्षं वापरलेल्या फोनात तो थेट बाहेरही असू शकतो, म्हणून दोन्हीकडे पाहा. फोटो, व्हिडिओ, आवाजातले निरोप यांचे त्यात वेगवेगळे कप्पे असतात.

आवाजातल्या निरोपांचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रावरून वाटतं की तुमचा जीव तिथेच अडकलाय. ‘व्हॉइस नोट्स’ असं लिहिलेल्या कप्प्यात ते असतात, आठवड्यागणिक वेगवेगळ्या उपकप्प्यांत. प्रत्येक निरोप म्हणजे एक छोटी स्वतंत्र फाइल. तिच्या नावाची सुरुवात ‘पीटीटी’ या इंग्रजी अक्षरांनी होते आणि पुढे वर्ष, महिना, दिवस सलग आकड्यांत असतात. कुणाचा निरोप, हे मात्र नावात नसतं. अक्कांचे, मुलाचे, शेजारणीचे आणि तुम्ही स्वतः पाठवलेले, सगळे एकाच ढिगात. नंतर कधीतरी शांतपणे बसून ऐकायचे आणि अक्कांचे वेगळे काढायचे. वेळखाऊ काम आहे, पण तारीख नावातच असल्यामुळे अंदाज बांधता येतो. या फाइली ‘ओपस’ नावाच्या प्रकारातल्या असतात आणि व्हीएलसीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर संगणकावरही वाजतात. म्हणजे उद्या व्हॉट्सॲप वापरणंच सोडलंत, तरी अक्कांचा आवाज तुमच्याजवळ राहील. चॅटमधला लिहिलेला मजकूर कुलूपबंद फाइलमध्ये असतो, आवाजाच्या आणि फोटोंच्या फाइलींना तसं कुलूप नसतं, म्हणून हे जमतं.

ही प्रत हाताशी आली की निम्मी काळजी मिटली. आता मुलाला बोलवा. हो, त्यालाच. पुढच्या कामाला दोन फोन, दोन चार्जर आणि शांत डोकं लागतं, आणि त्याला हे तुमच्यापेक्षा भरभर जमेल. दाबायचं काय, हे तुम्ही सांगायचं आणि प्रत्येक बटणाआधी त्याने तुम्हाला ते वाचून दाखवायचं, एवढी अट घाला.

आधी नव्या फोनवरच्या तीन दिवसांत काही महत्त्वाचं आलं असेल तर ते बाजूला काढा. नव्या फोनवरचं ॲप थोड्या वेळाने काढून टाकावं लागणार आहे आणि त्याबरोबर ते तीन दिवसही जातील. त्या-त्या चॅटच्या मेनूत ‘चॅट एक्सपोर्ट करा’ असा पर्याय असतो. त्यातून संपूर्ण बोलणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वतःला ईमेल करता येतं. ही फाइल वाचायला चांगली, पण ती पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये घालता येत नाही, हे लक्षात असू द्या.

मग नंबर जुन्या फोनवर परत न्यायचा. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडा, तोच नंबर घाला, एसएमएसने सहा आकडी कोड येईल तो टाका. सिमकार्ड कुठल्याही फोनमध्ये असलं तरी चालतं, कोड वाचता आला म्हणजे झालं. तो कोड तुमच्याखेरीज कुणाला सांगू नका, फोन करून ‘आम्ही मदत केंद्रातून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. तो कोड ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचं खातं. ‘द्विस्तरीय पडताळणी’ लावलेली असेल तर तुम्ही पूर्वी कधीतरी ठरवलेला सहा आकडी पिनही विचारला जाईल. तो आठवत नसेल आणि तेव्हा ईमेल पत्ता दिलेला असेल तर त्यावरून बदलता येतो. पत्ताही दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. थांबा. अंदाजाने आकडे टाकत बसू नका. कोडही पुन्हा पुन्हा मागवू नका, कारण दर खेपेला थांबायला लावण्याचा वेळ वाढत जातो.

एवढं झालं की जुन्या फोनवर सगळं जागच्या जागी दिसायला हवं. अक्कांची चॅट उघडा आणि खात्री करून घ्या. मुलाचं तोंड त्या क्षणी पाहण्यासारखं असेल, पण कृपा करून त्याला टोमणा मारू नका, अजून अर्धं काम त्याच्याकडून करून घ्यायचंय.

आता नव्या फोनवर न्यायचं. यासाठी ड्राइव्हची गरज नाही. २०२३ सालापासून व्हॉट्सॲपमध्येच एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट चॅट नेण्याची सोय आहे. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील किंवा दोन्ही आयफोन असतील तर ती चालते, आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यांत सरळ वाट आहे. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, आणि तिथे ‘चॅट ट्रान्सफर करा’. हा पर्याय दिसला नाही तर ॲप जुनं झालंय. प्ले स्टोअरमधून ते अपडेट करा, काढून पुन्हा घालू नका. दोन्ही फोनवर वाय-फाय आणि लोकेशन सुरू ठेवा, दोन्ही चार्जिंगला लावा, शेजारी शेजारी ठेवा. नव्या फोनवरचं व्हॉट्सॲप काढून टाका, पुन्हा घाला, नंबर नोंदवा. या वेळी जुन्या फोनवरून चॅट आणायची का असं विचारेल, तेव्हा ‘सुरू करा’. नव्या फोनवर क्यूआर कोड उमटेल, तो जुन्या फोनने स्कॅन करायचा. मग वाट पाहायची. नऊ वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ असतील तर बराच वेळ जाईल. मध्येच ॲप बंद करू नका आणि तोवर फोनवर दुसरं काही करू नका.

जुना फोन कुठल्याशा कारणाने जुमानलाच नाही, तर दुसऱ्या वाटा आहेत. ड्राइव्हवरची प्रत शाबूत असल्याचं तुम्ही वर पाहिलं असेल तर नव्या फोनवर तेच जुनं गूगल खातं आणि तोच नंबर असताना ॲप नव्याने घाला आणि ‘रिस्टोअर’ दाबा. दाबण्याआधी पडद्यावर दिसणारी बॅकअपची तारीख आणि आकार वाचा, नाहीतर रिकामाच बॅकअप परत येईल. ड्राइव्हचंही जमलं नाही तर जुन्या फोनात अजून एक ठेवा असतो: अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज रात्री २ वाजता फोनच्या आतच एक बॅकअप घेतं आणि शेवटच्या सुमारे सात दिवसांचे ठेवतं. मघाशी संगणकावर उतरवलेल्या फोल्डरमध्ये ‘डेटाबेसेस’ नावाचा कप्पा आहे, तेच ते. तो फोल्डर नव्या फोनवर त्याच जागी ठेवून मग ॲप घातलं तर रिस्टोअरचा प्रश्न पुन्हा विचारला जातो. ही वाट जरा किचकट आहे, मुलाकडूनच करून घ्या.

बॅकअपला पूर्वी कधी पासवर्ड लावला होता का, हेही आठवून ठेवा. २०२१ पासून बॅकअप एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे आपल्या स्वतःच्या कुलपात ठेवण्याची सोय आली. त्याला पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली असते. ती हरवली तर व्हॉट्सॲपसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. सोय चांगलीच आहे, पण लावणार असाल तर पासवर्ड कागदावर लिहा.

आणि एक कळकळीची विनंती. इंटरनेटवर ‘गेलेली चॅट परत मिळवा’ म्हणणारी सॉफ्टवेअर पावलोपावली भेटतात. पैसे मागतात आणि फोनवरच्या सगळ्या गोष्टींची परवानगीही मागतात. तुम्हाला त्यांची गरज नाही. घरातल्या माणसांचं खाजगी बोलणं अशा अनोळखी हातात देऊ नका.

चॅट नव्या फोनवर आली, की लगेच ‘झालं’ म्हणू नका. अक्कांची चॅट उघडून वर, अगदी पहिल्या मेसेजपर्यंत जा. वेगवेगळ्या वर्षांतले आवाजाचे निरोप वाजवून पाहा, नुसती यादी दिसणं पुरेसं नाही. थेट फोनवरून फोनवर आणलं असेल तर सहसा सगळं येतं. ड्राइव्हवरून आणलं असेल तर आधी मजकूर येतो आणि फोटो-आवाज मागाहून हळूहळू उतरतात, त्यामुळे सुरुवातीला धूसर चौकोन दिसले तर एक-दोन दिवस वाय-फायवर राहू द्या. व्हिडिओ बॅकअपमध्ये घ्यायचे की नाही, हा वेगळा पर्याय असतो. तो बंद असेल तर ते ड्राइव्हवर कधी गेलेच नसतील. आणि ज्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची वेळ लावलेली होती, तिथले गेलेले मेसेज कुठल्याच वाटेने येणार नाहीत.

मग अक्कांची चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून ठेवा. एक मर्यादा आहे: मीडियासकट सर्वांत अलीकडचे १०,००० मेसेज मिळतात, नुसता मजकूर घेतला तर ४०,०००. म्हणून दोन्ही प्रकारे एकदा एकदा घ्या. सुरुवातीच्या वर्षांतले फोटो आणि आवाज मीडियाच्या एक्सपोर्टमध्ये कदाचित मावणार नाहीत, पण ते तुमच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये आहेतच.

हे पत्र वाचणाऱ्या आणि येत्या काही दिवसांत फोन बदलणार असणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. फोन बदलण्याआधी बॅकअपची शेवटची तारीख पाहा. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप २०२४ पासून गूगलच्या १५ जीबी फुकट जागेतच मोजला जातो. ती भरली की बॅकअप थांबतो आणि तिकडे आपलं लक्ष जात नाही. आयफोनवाल्यांच्या आयक्लाउडची, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीची, फुकट जागा तर ५ जीबीच असते. नंबरही बदलणार असाल तर आधी जुन्या फोनवर ‘नंबर बदला’ ही क्रिया पूर्ण करा, मग चॅट हलवा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी विशेष जपायला हवं: ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला वाचता येत नाही आणि आयक्लाउडवरचा अँड्रॉइडला. त्यासाठी ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲपलचं ॲप वापरावं लागतं, आणि तेही आयफोन अगदी पहिल्यांदा सुरू करताना. आयफोन लावून झाल्यावर आठवलं तर तो पुन्हा रीसेट करण्यावाचून गत्यंतर नाही. उलट दिशेने, आयफोनवरून अँड्रॉइडवर येताना, नवा फोन सुरू करतानाच दोन्ही फोन केबलने जोडून चॅट नेता येते. ‘सिग्नल’ हे मेसेजचं ॲप वापरणाऱ्यांनीही जुना फोन हातात असतानाच हलवाहलव करून घ्यावी. तिथे जुना फोन गेला आणि बॅकअप घेतलेला नसेल तर काहीच परत येत नाही.

तुमच्या मुलाबद्दल. त्याने ‘वगळा’ दाबलं ते बेफिकिरीने नव्हे. नवा फोन लावताना असे वीसेक प्रश्न समोर येतात, आणि त्यातले बरेचसे खरोखरच वगळण्याजोगे असतात. हा एकच प्रश्न तसा नव्हता आणि पडद्यावर तो इतरांसारखाच दिसतो. ‘गेलं ते गेलं’ हे त्याचं बोलणं तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण मला त्यात निष्काळजीपणापेक्षा भीती जास्त ऐकू येते: आपल्या हातून आईचं काय गेलंय, हे त्याला कळलंय आणि ते परत कसं आणायचं हे माहीत नाही. त्याला हे पान वाचायला द्या. अक्का त्याची मावशी होती. आवाजातले ते निरोप वेगळे काढायला तो तुमच्याबरोबर बसला तर ते काम तुम्हालाही जड जाणार नाही.

भाचीचा फोन तेवढा महिनाभराने द्या. देण्याआधी संगणकावरच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यातला एखादा निरोप तिथूनच वाजवून पाहा. तो वाजला की जुना फोन खुशाल रीसेट करा.